वाटी रिकामी गेली तो रविवार

आमच्या घराला पहिल्या आठवड्यात शंभरपैकी चोपन्न गुण पडले, तेव्हा माझा पहिला संशय नवऱ्यावर गेला आणि दुसरा मुलीवर. स्वतःवर संशय घ्यायची मला सवय नाही. वधूवर सूचक मंडळात अठरा वर्षं नोकरी करतेय. दुसऱ्यांच्या खोडी ओळखण्याचाच मला पगार मिळतो.

गुण देणारं यंत्र आमच्या सांडपाण्याच्या पाइपवर बसवलेलं होतं. तळहाताएवढी पांढरी डबी आणि तिच्यावर एक बारीक हिरवा दिवा. एक एप्रिलला विमा मंडळाची माणसं आली आणि आमच्या इमारतीतल्या बारा घरांच्या पाइपांवर बारा डब्या बसवून गेली. कागदावर तिचं नाव 'गृहपोषण मापक' होतं. पण सोलापूरला मार्केट यार्डात धान्य मापून देणारा मापाडी सगळ्यांच्या ओळखीचा, त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून इमारतीत सगळे तिला मापाडीच म्हणायला लागले.

मापाडीचं शास्त्र मला माझ्या मुलीनं, शांभवीनं समजावलं. ती दहावीत आहे आणि आईला काही कळत नाही यावर तिची श्रद्धा आहे. आपल्या आतड्यांत अब्जावधी जिवाणू राहतात. आपण खातो त्यावरच ते जगतात. ज्वारी, पालेभाजी, कडधान्य गेलं की एका जातीची वस्ती वाढते, साखर-मैदा गेला की दुसऱ्या. त्यातले थोडे रोज संडासातून बाहेर पडतात. माणूस चालला, पळाला, की स्नायूंमधून काही द्रव्यं रक्तात येतात आणि लघवीतून जातात. डबीतली चिप हे सगळं वाचते. प्रत्येकाच्या पेशी वेगळ्या, त्यामुळे घरात माणसं किती आणि कुणी काय खाल्लं हेसुद्धा तिला कळतं. पण एकेका माणसाची माहिती ज्याची त्यालाच, तीही सुनावणीच्या वेळीच दाखवायची, असा कायदा होता. एरवी दर रविवारी सकाळी फोनवर घराचा एक गुण यायचा आणि त्याखाली तीन पट्ट्या: चोथा, साखर, हालचाल. पट्टीवर बोट ठेवलं की कुठल्या वारी किती, ते दिसायचं.

"म्हणजे आधी शेजारणी घरात डोकवायच्या, आता गटार डोकवायलंय," मी म्हणाले.

"आई, हसण्यावारी नेऊ नकोस. साठच्या वर गेलं पाहिजे."

ते मला तिच्याहून जास्त कळत होतं. माझे यजमान प्रभुलिंग टॉवेलच्या कारखान्यात माल तपासायला आहेत. त्यांच्या हृदयाची एक झडप आकसत चालली होती. डॉक्टर म्हणाले होते, घाई नाही, पण हिवाळ्यात ऑपरेशन करून घ्या. तोवर वजन आणि साखर ताब्यात ठेवा, पळू नका, पण रोज सावकाश चाला. आणि विमा मंडळाचा नियम असा, की एप्रिल ते सप्टेंबर घराची सरासरी साठ भरली तर हिरवं कार्ड, म्हणजे ऑपरेशनचा सगळा खर्च मंडळाचा. साठला एक जरी कमी पडला तर पिवळं कार्ड, अर्धा खर्च आपला. आमच्यासारख्यांना तो अर्धा खर्च म्हणजे राहतं घर विकणं.

म्हणून मी कंबर कसली.

पहिल्या महिन्यात मी फोनवर बघून बघून चियाच्या बिया, बदामाचं पीठ, कसली कसली परदेशी फळं आणली. वीस तारखेलाच किराण्याचे पैसे संपले आणि उरलेले दहा दिवस आम्ही पिठलं खाल्लं. त्या दहा दिवसांत गुण दोनानं वाढले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की मापाडीला किंमत कळत नाही, चोथा कळतो. मग परत कडक भाकरी, शेपू, अंबाडी, मोडाची मटकी, चिमूटभर शेंगाचटणी. तेलाची बाटली मी कपाटात वर ठेवली. शांभवीला लिफ्ट बंद. यांना कारखान्यात भजी बंद. घरात माझी दहशत एवढी बसली की हे स्वयंपाकघरात यायच्या आधी खोकायला लागले.

एवढं करून मे महिन्यात गुण सत्तावन्न. जूनमध्ये सत्तावन्न. चोथ्याची पट्टी छान हिरवी, हालचालीचीही बरी. साखरेची मात्र दर शुक्रवारी लालभडक व्हायची. शांभवी म्हणाली, आदल्या दिवशी खाल्लेलं दुसऱ्या दिवशी मोजलं जातं, म्हणजे साखर गुरुवारी पोटात जाते.

गुरुवार! गुरुवारी आमच्याकडे काय येतं, ते मला न विचारता कळलं. गुरुवारी येसरांची अंबील येते.

येमुल सर आमच्या समोरच्या दारात राहतात. आम्ही येमुल सर म्हणता म्हणता येसर म्हणायला लागलो. एका शाळेत तीस वर्षं व्यायाम शिकवून निवृत्त झालेले, वय अडुसष्ट, मुलगा पुण्यात. त्यांच्या बायकोनं, राजम्मांनी, आम्ही राहायला आलो त्या दिवशी एका स्टीलच्या वाटीतून चटणी पाठवली होती. वाटीवर 'सौ. राजम्मा अं. येमुल' असं कोरलेलं. वाटी रिकामी परत करू नये म्हणून मी तिच्यात आमटी घालून दिली. त्यांनी रिकामी परत करू नये म्हणून भाजी घालून पाठवली. तेव्हापासून बारा वर्षं ती वाटी दोन दारांमध्ये ये-जा करत होती. तीन वर्षांपूर्वी राजम्मा गेल्या. सरांना चहापलीकडे काही येत नव्हतं. पण वाटी रिकामी पाठवायची नाही म्हणून ते एक पदार्थ शिकले. ज्वारीचं पीठ रात्रभर ताकात आंबवून केलेली अंबील. गुरुवारी आमच्या मंडळात गाठीभेटींचा दिवस. वर-वधूंचे पालक, ठरलेल्यांचे पेढे, मोडलेल्यांची रडारड, मला घरी यायला आठ वाजतात. म्हणून सर गुरुवारी भांडंभर अंबील करायचे, वाटीनं वाटीनं आमच्या पातेल्यात ओतायचे. शांभवीला आवडते म्हणून वरून गुळाचा खडा.

बाकीच्या दिवशी वाटी आमच्याकडून जायची. साडेसात वाजता सर जिन्यात उभे राहून शिट्टी फुंकायचे, शाळेतलीच शिट्टी. हे वाटी घेऊन बाहेर पडायचे. सर वाटी आत ठेवायचे आणि यांना म्हणायचे, "चला प्रभुलिंग, तळ्यापर्यंत." सरांना सावकाश चालता येत नाही, पण यांच्यासाठी ते सावकाश चालायचे.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी त्या दिवसांत मला फक्त गुळाचा खडा दिसत होता.

बारा जुलैच्या रविवारी गुण छप्पन्न आला, एकानं कमी. मी तडक उठले. वाटी आमच्याकडे होती. ती लख्ख होईपर्यंत घासली, पुसली आणि स्वतः समोरचं दार वाजवलं.

सरांनी दार उघडलं. त्यांनी सवयीनं दोन्ही हात पुढे केले. वाटी हातात आली तेव्हा त्यांनी आत पाहिलं.

"सर, आमचं सध्या पथ्य चाललंय," मी घाईघाईनं म्हणाले. "यांच्या ऑपरेशनचं माहितीये ना तुम्हाला. गूळबिळ चालत नाही. तुम्हाला पण उगाच कशाला त्रास?"

सर अजून वाटीतच बघत होते. "बरं ताई," ते म्हणाले.

"राग नाही ना आला?"

"नाही ओ. राग कशाचा."

दार लागलं. मला हलकं वाटायला हवं होतं. मी घरी येऊन उगाचच गॅसची शेगडी घासायला काढली.

शांभवी आठ दिवस माझ्याशी तोडून बोलली. "आजोबांना तू वाटी रिकामी दिलीस?" एवढं एकदा विचारलं आणि माझ्या उत्तराची वाट न बघता आत गेली. साडेसात वाजता शिट्टी वाजायची बंद झाली. दोन दिवस हे त्या वेळेला चपला घालून दारापाशी उभे राहिले, मग टीव्ही लावून बसायला लागले. मी त्यांच्यासाठी चालायचं यंत्र विकत आणलं. महिनाभरात त्याच्यावर शांभवीचे कपडे वाळायला लागले.

आणि गुण? चोपन्न. त्रेपन्न. एक्कावन्न. हालचालीची पट्टी बसली, चोथ्याचीही खाली आली, आणि साखर दर शुक्रवारी होती तिथेच, लालभडक. गूळ बंद होऊन महिना झाला होता. मी यांच्या शर्टाचे खिसे तपासले. शांभवीचं दप्तर उलटं केलं. काही सापडलं नाही. ज्याचं करावं बरं तो म्हणतो माझंच खरं, असं पुटपुटत मी सगळ्यांच्या ताटात आणखी अंबाडी वाढली.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात विमा मंडळाची नोटीस आली. 'आपल्या घरात नोंद नसलेल्या व्यक्तीचं अन्न-सहवास चिन्ह आढळून आलं आहे. खोट्या माहितीबद्दल आपली योजना रद्द का करू नये?'

सरासरी तशीही घसरत होती. आता योजनाच रद्द. यांना मी तीन दिवस नोटीस दाखवली नाही. चौथ्या दिवशी मंडळाच्या निरीक्षक घरीच आल्या, तेव्हा दाखवावी लागली.

तहसीन मुलाणी नाव त्यांचं. तिशीची, शांत बाई. पाणी प्यायल्या, चहा नको म्हणाल्या. त्यांनी मांडीवर लॅपटॉप उघडला. पडद्यावर दोन रेघा होत्या, एक निळी, एक केशरी, एकमेकींना इतक्या चिकटलेल्या की दोरी वळावी तशा.

"ताई, जी माणसं एका चुलीवरचं खातात, त्यांच्या पोटातले जिवाणू हळूहळू एकसारखे होतात," त्या म्हणाल्या. "नवरा-बायकोचे होतात, आई-लेकराचे होतात. दोन वेगळ्या घरांचे कधी इतके जुळत नाहीत. ही निळी रेघ तुमची. केशरी दुसऱ्या पाइपची. यंत्राच्या हिशोबानं ही दोन घरं नाहीतच, एकच घर आहे. म्हणून नोटीस निघाली. कुणीतरी तुमच्याकडे जेवतंय आणि तुम्ही नोंद केली नाही, असं वाटलं."

"आमच्याकडे कुणी जेवत नाही ओ मॅडम," हे म्हणाले.

"थांबा. मला वेगळंच विचारायचंय." त्यांनी रेघेवरून बोट सरकवलं. एका जागी दोन्ही रेघा सुटल्या आणि लांब लांब जायला लागल्या. "इथं काहीतरी झालं. त्याआधी बरोबर आहे, त्यानंतर ही दोन पोटं वेगळी व्हायला लागली. तारीख बारा जुलै. त्या दिवशी काय झालं होतं?"

शांभवीनं माझ्याकडे पाहिलं.

"वाटी रिकामी गेली," मी म्हणाले.

मग मी सगळं सांगितलं. वाटी, अंबील, गूळ, शुक्रवारची लाल पट्टी. सांगताना माझा आवाज चढत गेला, कारण मला अजूनही वाटत होतं की माझं बरोबर होतं. मॅडम ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "आंबवलेल्या ज्वारीतले जिवाणू तर यंत्राला फार आवडतात. बारा जुलैनंतर तुमच्या घरातून नेमके तेच कमी झालेत. एवढ्या गुळानं पट्टी हलतसुद्धा नाही. साखर दुसरीकडून येतेय. सुनावणी आहे, त्यामुळे ज्याची माहिती त्याला मी दाखवू शकते. पण ती खासगी असते. बाकीच्यांनी जरा बाहेर—"

"कुणी बाहेर जायचं नाही," मी म्हणाले. "आमच्यात लपवालपवी नाही. होऊन जाऊ द्या सगळ्यांसमोर." मी यांच्याकडे रोखून पाहिलं. ते बिचारे खुर्चीत मागे सरकले.

"विचार करा, ताई."

"केला. बोला."

मॅडमनी पडदा माझ्याकडे वळवला. "वय चव्वेचाळीस, स्त्री. दर गुरुवारी, दुपारी दोन ते सात. दूध आटवलेलं काहीतरी आणि भरपूर साखर. एका वेळेला नाही, थोडं थोडं, सात-आठ वेळा."

मला कळायला वेळ लागला. मी खरोखर आठवू लागले की गुरुवारी मी काय खाते. डबा. दोन भाकरी, भाजी, काकडी. बाकी काही नाही. देवाशपथ काही नाही.

"आई," शांभवी हळूच म्हणाली, "पेढे."

पेढे! लग्न ठरलं की दोन्हीकडचे पालक गुरुवारी पेढे घेऊन येतात. 'ताई, तोंड गोड करा.' नाही म्हणायची सोय नाही. ठरलेल्या लग्नाचा पेढा नाकारणं म्हणजे अपशकुन. अठरा वर्षं मी दर गुरुवारी सात-आठ पेढे खात आलेय आणि ते मी कधी खाण्यात धरलेच नाहीत. पेढा म्हणजे काय खाणं आहे? तो शकुन असतो. देवळातला प्रसाद कुणी मोजतं का?

मापाडी मोजत होता.

आधी हे हसले. खूप दिवसांनी हसले, छातीला हात लावून हसले. मग शांभवी. मग निरीक्षक मॅडमनी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघितलं. मी हसले नाही. मला रडू फुटलं, कारण माझ्या डोळ्यांसमोर सरांचे दोन हात आले, वाटी घ्यायला पुढे केलेले. चोर घरात बसलेला आणि मी समोरच्या दारावर आळ घेऊन आले होते.

मॅडम थोड्या वेळानं म्हणाल्या, "नोटीस मी रद्द करते. यात खोटं काही नाही. पण एक सांगते. नियमात घर म्हणजे भिंती नाहीत, घर म्हणजे चूल. दोन दारांची माणसं एका चुलीवरची असतील, तर 'एक चूल' म्हणून एकत्र नोंद करता येते, आणि गुण एप्रिलपासून एकत्र धरतात. मी मोजून पाहिलंय. अशी नोंद झाली आणि उरलेले तीन आठवडे बरे गेले, तर तुम्ही साठच्या वर जाता. वेगळे राहिलात तर नाही." त्यांनी टेबलावर एक फॉर्म ठेवला. "दोन्हीकडच्या सह्या लागतात. मुदत या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत."

दारात जाताना त्या थांबल्या. "दुसऱ्या घराबद्दल मला बोलता येत नाही. कायदा आहे. पण शेजारीण म्हणून तुम्ही दार वाजवू शकता. वाजवा."

त्या गेल्यावर यांनी फॉर्म माझ्या हातात दिला. "जा की मग. सही घेऊन ये."

मी फॉर्मकडे पाहिलं. एकाच कागदावर आमचं घर होतं, यांचं ऑपरेशन होतं. पण हा कागद घेऊन दारात उभी राहिले तर माझी माफी कुणाला खरी वाटेल? दोन महिने तोंड दाखवलं नाही आणि गरज पडल्यावर आली, असंच ना?

"आज नाही," मी म्हणाले आणि फॉर्म कपाटात, तेलाच्या बाटलीखाली ठेवला.

"अगं, मुदत आहे!"

"असू दे. आज मी फक्त वाटी घेऊन जाणार आहे."

वाटी तर सरांकडेच होती. मी आमच्या घरातला एक वाडगा काढला. मुगाचं वरण, दोन कडक भाकऱ्या, वर चटणी. वरणाला सढळ हातानं तेलाची फोडणी दिली.

सरांनी दार उघडलं आणि मी वाडगा पुढे करायचंच विसरले. दोन महिन्यांत माणूस केवढा उतरला होता. बनियन खांद्यावरून ओघळलेलं, पायांना सूज. मागे टेबलावर चहाचा कप आणि खारीचा पुडा. शिट्टी खिळ्याला टांगलेली.

"या ताई. पथ्य कसं चाललंय?"

त्यांनी खरंच चौकशीनं विचारलं होतं, टोमणा नव्हता. तेच मला सहन झालं नाही.

"सर, चूक माझी होती. साखर माझी होती. मंडळातले पेढे. आळ मी तुमच्या गुळावर घातला." एका दमात बोलून टाकलं. "वाटी रिकामी द्यायला नको होती मी. राजम्मांची वाटी."

सरांनी वाडगा घेतला आणि वास घेतला. "मुगाचं हाय?"

"होय."

"एकट्यासाठी कुकर लावायचा कंटाळा येतो ओ," ते म्हणाले. "आणि संध्याकाळी चालायला बाहेर पडायचं, तर कुणाला हाक मारून? असं होत गेलं बघा. मीच शाळेत पोरांना सांगायचो, एकटं पळू नका, जोडीनं पळा." ते हसले. "जेवतो मी. तुम्ही बसा जरा."

मी बसले. ते जेवले. फॉर्मचं मी काढलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही नाही, अंगात प्रथिनं कमी पडलीत, नीट जेवले की महिनाभरात भरून येईल. ते ऐकून मी दवाखान्याच्या बाकावर बसले आणि पाच मिनिटं उठलेच नाही, एवढा जीव भांड्यात पडला.

त्या गुरुवारी मंडळात पहिला पेढा पुढे आला तेव्हा मी तो घेतला, कपाळाला लावला आणि कागदात बांधून पर्समध्ये ठेवला. मुलीचे वडील नवलानं बघत राहिले. "घरी सगळ्यांनी मिळून खाऊ," मी सांगितलं. त्यांना फार बरं वाटलं. अठरा वर्षांत मला हे एकदाही सुचलं नव्हतं.

फॉर्मची मुदत मात्र जवळ येत होती. अठरा तारीख झाली. हे रोज कपाटाकडे बघायचे आणि माझ्याकडे बघायचे. उद्या विचारीन, असं मी रोज ठरवायची आणि सरांसमोर गेल्यावर भाजीचंच बोलून परत यायची.

एकोणीस तारखेला, शनिवारी, साडेसात वाजता जिन्यात शिट्टी वाजली.

शांभवी धावत दारात गेली. हे चपला शोधायला लागले. दारात सर उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात राजम्मांची वाटी. वर ताटली झाकलेली.

"घ्या ताई. उशीर झाला परत करायला."

मी ताटली काढली. वाटीत अंबील नव्हती. घडी घातलेला एक कागद होता आणि त्याच्यावर गुळाचा एक खडा. कागद उलगडला. 'एक चूल' नोंदीचा फॉर्म, सरांची सही. सहीखाली तारीख होती, तीन सप्टेंबर. मॅडम आमच्याकडे आल्या त्याच्या आदल्या दिवसाची.

"त्या बाई आधी माझ्याकडे आल्या होत्या," सर म्हणाले. "माझ्याकडेही ठेवून गेल्या एक. मी तेव्हाच केली सही."

"सर, मग इतके दिवस—"

"तुम्ही मागाल तेव्हा द्यायचं, असं ठरवलं होतं. तुम्ही मागायलाच आला नाही. वरण घेऊन आला, भाजी घेऊन आला, कागदाचं नावसुद्धा काढलं नाही. परवा प्रभुलिंगनं मला सांगितलं, फॉर्म तेलाच्या बाटलीखाली हाय म्हणून." त्यांनी यांच्याकडे पाहिलं, हे चपलेच्या पट्ट्याशी खेळत होते. "आता नुसता कागद हातात कसा द्यायचा? वाटी परत करायची होतीच. रिकामी कशी आणू?"

मी वाटी छातीशी धरून तशीच उभी राहिले. हे दोघं जिना उतरून तळ्याकडे गेले, सावकाश. खालून सरांचा आवाज आला, "श्वास घ्या, प्रभुलिंग. घाई न्हाई आपल्याला."

तीस सप्टेंबरला सरासरी साठ पूर्णांक चार आली. शांभवी म्हणाली, काठावर पास. मी म्हणाले, पास तो पास. कार्ड हिरवं झालं. डिसेंबरातल्या एका गुरुवारी यांचं ऑपरेशन झालं. चार तास मी आणि सर बाहेरच्या बाकावर बसून होतो. सरांनी एका शब्दानं धीर दिला नाही, फक्त दर तासाला मला उठवून त्या लांब बोळातून दोन फेऱ्या मारायला लावल्या. डॉक्टर बाहेर येऊन 'छान झालं' म्हणाले, तेव्हा मी एवढ्या मोठ्यानं 'हुश्श' केलं की नर्स हसली. सरांनी खिशातून पेढ्यांचा पुडा काढला. सकाळीच घेऊन ठेवला होता त्यांनी, निकाल कळायच्या आधी.

"तोंड गोड करा, ताई."

मी अख्खा पेढा खाल्ला. तो शुक्रवारच्या पट्टीत दिसला असणार. दिसू दे.

आता आमच्या तिसऱ्या मजल्यावर दोन पाइप आहेत आणि फोनवर गुण एकच येतो. या आठवड्यात पासष्ट होता. हे रोज तळ्याला एक चक्कर मारून येतात, सर दोन मारतात. वाटी आज आमच्याकडे आहे. साडेसातला पंधरा मिनिटं कमी आहेत, आणि मटकीला अजून फोडणी द्यायचीय.